टेस्टडिस्क: फाटलेली अनुक्रमणिका परत लावून देणारं सॉफ्टवेअर

मी नारायण पेठेत घरूनच डीटीपीचं काम करते. २००१ पासून. वर्षभर लग्नपत्रिका, स्मरणिका, शाळांची हस्तलिखितं वगैरे चालू असतं, पण माझं खरं पोट दिवाळी अंकांवर. दरवर्षी चार-पाच अंक माझ्याकडे लागतात आणि त्यांची सगळी जुनी पानं, जाहिराती, मुखपृष्ठं एका एक टीबीच्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर असतात. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये ती डिस्क कॉम्प्युटरने ओळखायची बंद केली. ती परत कशी मिळाली आणि ज्याने मिळाली ते टेस्टडिस्क हे सॉफ्टवेअर कसं आहे, ते सविस्तर लिहिते. ज्यांच्यावर ही वेळ आज आलेली आहे त्यांनी आधी एवढंच करा: स्क्रीनवर फॉरमॅट किंवा इनिशियलाइज असं काही विचारत असेल तर कॅन्सल दाबा आणि मग पुढे वाचा.

गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वीज गेली. यूपीएसची बॅटरी म्हातारी झालेली, तिने एक शिट्टी मारली आणि कॉम्प्युटरही गेला. त्या वेळी डिस्कवर एका अंकाचा दुसरा फर्मा, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचा गट, कॉपी होत होता. अर्ध्या तासाने वीज आली, कॉम्प्युटर सुरू झाला, डिस्कचा निळा दिवाही लागला. पण माय कॉम्प्युटरमध्ये डिस्क नाही. काढून परत लावली, दुसऱ्या पोर्टला लावली, तरी नाही.

दिवा लागतो म्हणजे डिस्क चालू आहे असं आपण धरून चालतो. तसं नसतं. दिवा लागायला वीज पुरते. माहिती जायला केबलमधल्या वेगळ्या तारा लागतात. या पोर्टेबल डिस्कना जी रुंद, मध्ये खाच असलेली पिन असते, मायक्रो-बी म्हणतात ती, तिचा मला काही भरवसा वाटत नाही. रोज काढघाल केली की ती सैल होते. माझी केबल बोटाने जरा वर उचलून धरली की डिस्क फिरल्याचा आवाज यायचा, सोडली की बंद. ज्यांची डिस्क दिसत नाही त्यांनी दुसरं काहीही करायच्या आधी दुसरी केबल लावून बघावी, आखूड असेल तर उत्तम. आणि टॉवरच्या पुढच्या पोर्टला लावू नये, मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावावी. पुढचे पोर्ट आतून वायरने जोडलेले असतात. यूएसबी २.० च्या पोर्टमधून ५०० मिलिअँपिअरच मिळतात, ३.० मधून ९००. डिस्क फिरायला लागते त्या पहिल्या क्षणी तिला सगळ्यात जास्त करंट लागतो, तो कमी पडला की ती नुसती कुरकुरत बसते. हबवर लावलेली असेल तर हब आधी काढा.

केबल शेजारच्यांकडून आणली. लावली. डिस्क गुरगुरून नीट फिरायला लागली, विंडोजचा तो टिंग आवाजही आला. पण माय कॉम्प्युटरमध्ये तरीही नाही.

माझा भाचा हिंजवडीत नोकरी करतो, त्याला फोन लावला. तो म्हणाला, “आत्या, स्टार्टवर राइट क्लिक कर, डिस्क मॅनेजमेंट उघड, काय दिसतंय ते वाच.” उघडल्याबरोबर समोर एक चौकोन आला: डिस्क इनिशियलाइज करावी लागेल, एमबीआर की जीपीटी (डिस्कवरच्या भागांची यादी ठेवायच्या दोन पद्धती) ते निवडा, खाली ओके आणि कॅन्सल. मागे खालच्या पट्टीत डिस्क १, अननोन, नॉट इनिशियलाइज्ड, आणि पुढे काळ्या रेघेखाली ९३१.५१ जीबी, अनअलोकेटेड, म्हणजे कुठलाच भाग न पाडलेली.

“ओके दाबलं नाहीस ना?”

“नाही रे. हात थरथरतोय, दाबते कसली.”

“मग कॅन्सल कर. आकडा बरोबर दिसतोय म्हणजे डिस्क जिवंत आहे. आवाज कसा येतोय? टक-टक-टक असा?”

तसा येत नव्हता. हे तो विचारणं फार महत्त्वाचं होतं, हे नंतर कळलं. ठरावीक अंतराने टक-टक असा आवाज येत असेल तर माहिती वाचणारं आतलं हेड गेलेलं असतं. अशी डिस्क चालू ठेवायची म्हणजे प्रत्येक मिनिटाला आणखी ओरखडे. तिथे कुठलंही सॉफ्टवेअर कामाचं नाही, वीज काढायची आणि ज्यांच्याकडे धूळ नसलेली खोली आहे अशा माणसांकडेच ती न्यायची. आणि डबा घरी उघडायचा तर विचारसुद्धा करायचा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तरीही, मी डिस्क घेऊन एका दुकानात गेले. दुकान कुठलं ते इथे लिहीत नाही. काउंटरवरच्या मुलाने डिस्क लावली, तोच चौकोन आला आणि तो म्हणाला, “मॅडम, आधी फॉरमॅट मारून घेतो, मग रिकव्हरी टाकू. अठरा हजार होतील, गॅरंटी नाही.” मी त्याच्या हातून डिस्क जवळजवळ ओढूनच घेतली. ज्या माणसाला रोज हेच काम करायचं आहे त्याने आधी फॉरमॅट मारतो म्हणावं, याचा मला आजही राग येतो. त्याच्या जागी मी बसले असते आणि गिऱ्हाइकाच्या मूळ प्रतीवर प्रूफ न दाखवता लाल पेन चालवलं असतं तर मला कुणी दुसऱ्यांदा काम दिलं नसतं.

रात्री भाचा आला. त्याने आधी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर टाकलं. डिस्क स्वतःची तब्येत स्वतः नोंदवून ठेवत असते, ती नोंद हे दाखवतं. निळ्यात ‘गुड’ आलं. सेक्टर म्हणजे डिस्कवरचा माहितीचा छोटा तुकडा; रिअलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बदललेले) आणि करंट पेंडिंग सेक्टर (वाचताना अडलेले) या दोन ओळी शून्य आहेत का ते त्याने बोट ठेवून दाखवलं. शून्य होत्या. त्या वाढलेल्या असत्या, पिवळ्यात ‘कॉशन’ आलं असतं, तर आधी अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढून घ्यायची आणि मग त्या इमेजवर काम करायचं, असं तो म्हणाला. लिनक्सवर त्यासाठी डीडीरेस्क्यू आहे, ते आधी चांगला भाग वाचून घेतं आणि अडणाऱ्या जागा शेवटी परत परत बघतं. आम्हाला त्याची गरज पडली नाही.

आता टेस्टडिस्क. हे क्रिस्टोफ ग्रेनिए या फ्रेंच माणसाने लिहिलेलं आहे, मुक्त परवान्याचं आहे, पूर्ण फुकट. सीजीसिक्युरिटी डॉट ऑर्ग या त्यांच्या स्वतःच्या साइटवरून घ्यायचं, दुसरीकडून घेऊ नका. आम्ही ७.२ ही आवृत्ती घेतली, त्या वर्षीच्या फेब्रुवारीत आलेली. झिप उघडायची, आतली टेस्टडिस्क-विन नावाची फाइल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवायची, झालं. इन्स्टॉल करायचं काही नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: ते ज्या डिस्कवरून माहिती परत आणायची त्याच डिस्कवर ठेवायचं नाही.

उघडल्यावर काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. माउस चालत नाही. बाणांच्या कळा आणि एंटर. हे बघून पुष्कळ जण घाबरून बंद करतात असं भाचा म्हणाला. मी टाइपरायटरच्या कीबोर्डवर मराठी शिकलेली, मला उलट बरं वाटलं. प्रत्येक पायरीला थांबतं, काय करायचं ते विचारतं, आणि बहुतेक वेळा ज्या पर्यायावर आधीच पट्टी असते तोच बरोबर असतो. पहिल्यांदा लॉग करू का विचारतं, क्रिएट म्हणायचं. मग डिस्कची यादी. इथे घाई करायची नाही, आकार बघून आपली डिस्क ओळखायची. माझी १००० जीबी / ९३१ जीआयबी अशी होती आणि कॉम्प्युटरमधली ५०० ची. मग पार्टिशन टेबल, म्हणजे डिस्कच्या भागांची (पार्टिशनची) यादी, कुठलं ते विचारतं, इंटेल की ईएफआय जीपीटी की आणखी काही, आणि खाली स्वतःच अंदाज सांगतं. मग ॲनालाइज.

ॲनालाइज म्हटल्यावर त्याने एक ओळ दाखवली: पार्टिशन सेक्टरला शेवटची खूण नाही. भाच्याने याचा अर्थ समजावला तो मला लगेच कळला, कारण तो माझ्याच धंद्यातला होता. डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये ५१२ बाइट असतात. त्यातल्या ६४ बाइटमध्ये डिस्कवर कुठला भाग कुठून सुरू होतो आणि किती लांब आहे हे लिहिलेलं असतं, आणि शेवटच्या दोन बाइटमध्ये हे पान पूर्ण झालं अशी खूण. वीज गेली त्या क्षणी तेवढं पान बिघडलं. म्हणजे अंकाचं अनुक्रमणिकेचं पान फाटलं. आतले लेख, कविता, जाहिराती सगळं जागच्या जागी, पण विंडोज अनुक्रमणिका बघतं, ती नाही म्हटल्यावर अंकच कोरा आहे असं सांगून मोकळं होतं आणि नवी अनुक्रमणिका लिहू का म्हणून विचारतं. टेस्टडिस्क पानं उलटत जातं. प्रत्येक पार्टिशनच्या सुरुवातीला स्वतःची ओळख सांगणारा सेक्टर असतो, एनटीएफएस (विंडोजची फाइल ठेवायची पद्धत) तर त्याची एक प्रत पार्टिशनच्या शेवटीही ठेवतं. ते शोधून टेस्टडिस्क हिशेब लावतं की इथून इथपर्यंत एक भाग असला पाहिजे.

क्विक सर्च दाबलं. मिनिटभरात हिरव्या अक्षरांत एक ओळ आली: एचपीएफएस - एनटीएफएस, पुढे सुरुवातीचे-शेवटचे आकडे, आणि शेवटी मी २०१७ साली या डिस्कला दिलेलं नाव. ‘अंक’. त्या ओळीवर जाऊन ‘पी’ दाबलं की आतल्या फाइल दिसतात. मी दाबलं.

फोल्डरची यादी आली. २००३ पासून २०२४ पर्यंत, प्रत्येक वर्षाचा एक. २०११ मध्ये शिरले, आत लेख, कविता, जाहिराती, मुखपृष्ठ असे चार, तसेच. जाहिरातीत शिरले तर एका सराफांची चौथ्या पानाची जाहिरात, मी ठेवलेल्या नावासकट, तारखेसकट. मी खुर्चीतून उठून आत देवापाशी जाऊन आले.

टेस्टडिस्कचं मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते हेच. तोपर्यंत त्याने माझ्या डिस्कवर एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं. आधी दाखवतं. तुझ्या फाइल या आहेत ना, बघून घे, उघडून बघ, कॉपी करून घे, आणि खात्री पटली तर मग मी अनुक्रमणिका परत लिहितो, अशी त्याची रीत आहे. आमच्या धंद्यात प्रूफ दाखवल्याशिवाय प्लेट काढत नाहीत, तसं.

आम्ही आधी सगळं दुसऱ्या, नव्या दोन टीबीच्या डिस्कवर कॉपी केलं. यादीत ‘ए’ दाबलं की सगळं निवडलं जातं, मोठा ‘सी’ दाबला की कॉपी. इथे एक अडचण आहे आणि ती कुणीतरी आधी सांगायला हवी होती. कॉपी कुठे करायची ते विचारताना विंडोजसारखं डी, ई, एफ असं दिसत नाही. दोन टिंबांवर एंटर मारत मारत वर जायचं, तिथे सिगड्राइव्ह नावाचा फोल्डर असतो, त्यात सी, डी, ई ही ड्राइव्हची अक्षरं फोल्डरसारखी दिसतात. आम्ही दहा मिनिटं तिथेच अडकलो होतो. साइटवर इंग्रजीत सगळं चित्रांसकट दिलेलं आहे, ते शेजारी मोबाइलवर उघडून ठेवा.

चारशे बारा जीबी कॉपी व्हायला रात्रीचे साडेअकरा ते पहाटेचे जवळजवळ साडेचार. बारीक बारीक फाइल फार, म्हणून वेळ लागला. मी झोपले नाही. बाहेर मंडळाचे ढोल थांबले होते, फक्त डिस्कचा आवाज. शेवटी हिरव्यात ओळ आली, कॉपी डन, पुढे ओके झालेल्यांचा सहा आकडी हिशेब, आणि फेल्ड शून्य.

त्यानंतर मग राइट. ते लिहू का, वाय की एन, विचारतं. वाय दाबलं, डिस्क काढली, कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला, डिस्क लावली. आली. एफ ड्राइव्ह म्हणून, पूर्वीसारखी. एकंदर वेळ कॉपीसकट एक रात्र, खर्च नव्या डिस्कचा आणि एका केबलचा. साइटवर देणगी देता येते, ती मी दिली.

आता उणिवा. राइट हे बटण बाकीच्या निरुपद्रवी बटणांच्या ओळीतच आहे, आणि यादीत चुकीचं पार्टिशन निवडून ते दाबलं तर उरलंसुरलं गोंधळात जाईल. म्हणून कॉपी आधी. एकटीने पहिल्यांदा केलं असतं तर मी केलं असतं का, हे प्रामाणिकपणे सांगायचं तर कठीण होतं. बाजूला कुणीतरी बसलेलं असलं की धीर येतो. पडद्यावरची भाषा इंग्रजीच; मराठी सोडाच, हिंदीही नाही. विंडोजच्या ज्या डिस्कवर बिटलॉकरचं कुलूप आहे तिच्यात ते आपोआप शिरू शकत नाही, किल्ली लागतेच. आणि एसएसडीवर, म्हणजे आत काही न फिरणाऱ्या नव्या तऱ्हेच्या डिस्कवर, पुसलेल्या फाइल परत मिळतील अशी आशा धरू नये, तिथे पुसलेली जागा डिस्क स्वतःच मोकळी करून टाकते.

याच झिपमध्ये फोटोरेक नावाचं भावंड येतं. बरेच जण घाईने तेच आधी चालवतात, कारण ते सोपं आहे. ते अनुक्रमणिका, फोल्डर, नावं काही बघत नाही; डिस्कभर फिरतं आणि फाइलच्या सुरुवातीच्या खुणेवरून हा जेपीजी, ही पीडीएफ असं ओळखून उचलत जातं. कार्डावरच्या लग्नाच्या फोटोंसाठी ते उत्तम आहे, फोटो बघितला की कळतो. एका स्टुडिओवाल्यांच्या कार्डासाठी मी नंतर वापरलं, सगळे फोटो आले. पण नावं येतात ती ‘एफ’ आणि पुढे सात-आठ आकडे. माझ्यासारखीला हे मोठं संकट आहे, आणि का ते डीटीपी न करणाऱ्यांना सांगितल्याशिवाय कळणार नाही.

माझ्या २००३ ते साधारण २०१४ पर्यंतच्या फाइल पेजमेकर आणि कोरलड्रॉ या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमधल्या, श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधल्या आहेत. आज सगळीकडे चालणारा युनिकोड नाही. त्या फाइलमध्ये ‘दिवाळी’ हा शब्द दिवाळी म्हणून साठवलेला नसतो, इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं यांची एक खिचडी असते आणि वर फॉन्ट चढवला की ती दिवाळी दिसते. त्यामुळे कॉम्प्युटरला सांगून एखाद्या कवीचं नाव आत शोधता येत नाही. फाइलचं नाव आणि ती कुठल्या फोल्डरमध्ये आहे, एवढाच तिचा पत्ता. तो गेला तर लाखभर फाइल एकेक उघडून बघायच्या. अनुभवी माणूससुद्धा ही गोष्ट चटकन लक्षात घेत नाही, म्हणून ठासून सांगते: ज्यांच्याकडे जुन्या फॉन्टमधलं मराठी काम आहे, पत्रकं, स्मरणिका, कुणाची आत्मचरित्रं, त्यांनी फोटोरेकला शेवटचा उपाय समजावा. टेस्टडिस्क आधी. ते नावासकट, फोल्डरसकट देतं.

माझे पाचपैकी पाच. काळ्या पडद्याचा अर्धा गुण कापणार होते, पण सराफांची जाहिरात डोळ्यांसमोर येते आणि कापवत नाही.

डिस्क परत आली त्याच दिवशी दुपारी त्या सराफांचा फोन आला होता, “ताई, जाहिरात गेल्या वर्षीचीच, फक्त सन बदला आणि नव्या शाखेचा पत्ता टाका.” मी उघडली, सन बदलला, पत्ता टाकला, पीडीएफ करून चारच्या आत पाठवून दिली. मग शेजारच्यांची केबल परत केली, माझ्यासाठी नवी मागवली, आणि जुनी कात्रीने मधोमध कापून टाकली, म्हणजे घरात कुणी चुकूनही ती परत लावणार नाही.